गवनचा उतार

इस्फहान, २० मेहर १३४९

गोहर आबजी,

सलाम. गुडघे कसे आहेत? तुझ्या भावजयीने, अख्तरने मलम पाठवलंय, चोळून घे, नुसतं कपाटात ठेवू नकोस.

पिशवी परवा पोचली. खेचरवाल्या खोदाकरमने स्वतः आणून कारखान्याच्या ओट्यावर ठेवली, उभ्याउभ्या चहा घेतला आणि खेचरं घेऊन गेला. पिशवी तोंडापर्यंत भरलेली बघून मी अख्तरला म्हटलं, भावोजी मशदी सफरना जाऊन वर्षही झालं नाही आणि बघ, माझ्या बहिणीने एकटीने अख्ख्या उतारावरचं काटेरी गवन झोडपलं.

काल पहिली कढई लावली. अंगबीनचे ते गोड खडे पाण्यात विरघळवले, पानं-काटे गाळले, चार तास घोटलं, मग अंड्याचा पांढरा बलक घातला. आबजी, ते पांढरं होईना. पिवळट, सैल, चिकट राहिलं. मला वाटलं अंडी जुनी. दुसऱ्या कढईला ताजी आणली, तरी तेच. उस्ताद हशमत बावीस वर्षं माझ्याकडे गझची मिठाई घोटतोय. त्याने बोटाने चाखलं आणि म्हणाला, "मालक, हे आपल्या गवनवरचं वाटत नाही."

मी त्याला झापलं. म्हटलं, माझ्या बापाच्या उतारावरचं आहे ते, तोंड सांभाळ. तो कढई घासायला लागला.

मी काही म्हणत नाही. नुसतं विचारतो. यंदा झोडपायला तुझ्याबरोबर आणखी कुणी होतं का? पिशवी कुठे उघडी राहिली होती का? माल पावसात सापडला का?

तुझा भाऊ,
नादअली


सरचश्मे, ३ आबान १३४९

नादअली,

"मी काही म्हणत नाही" असं लिहून अख्खं पान म्हणालास की रे. लहानपणीही असाच होतास. आईने ताक कुणी सांडलं विचारलं की तू म्हणायचास, "मी काही गोहरचं नाव घेत नाही."

बाबा जायला टेकले तेव्हा सगळे म्हणाले होते, उतार मुलाला द्या. बाबांनी मला दिला. का, ते तुला ठाऊक आहे. तुझे हात तेव्हाही मऊ होते. आकडीने फांदी खेचायची, दुसऱ्या हाताने काठीचा ठोका घालायचा, खाली कातड्याची परात धरायची, आणि त्या एवढ्याशा किड्यांनी सोडलेले पांढरे थेंब त्यात पाडायचे. फांदीपेक्षा काटे जास्त. संध्याकाळी मनगटातून काटे काढताना तू रडायचास. पस्तीस वर्षं मी तुला पहिल्या झोडपणीचा माल पाठवतेय. एकदा तरी तक्रार आली?

आता मी विचारते. तेहरानहून पिंपातून तो काचेसारखा पाक येतो म्हणे, ग्लुकोज. गुलपायगानचा मिठाईवाला तोच घालतो, म्हणजे त्याला गवन नको, किडा नको, आमच्यासारखी म्हातारी नको. अख्तरचा भाऊ तोच पाक विकतो ना? तुला तो घ्यायचा असेल तर घे बाबा. पण त्यासाठी माझ्या मालाला नावं ठेवायची काय गरज होती? सरळ लिहायचंस, आबजी, यापुढे पाठवू नकोस.

मलम पोचलं. वास चांगला आहे.

गोहर


इस्फहान, १५ आबान १३४९

आबजी,

तुझं पत्र अख्तरनेही वाचलं. मी लपवणार होतो, पण तिने कोटाच्या खिशातून काढलं. तिच्या भावाचं पिंप अजून माझ्या दारात आलेलं नाही. आलं तर तुला आधी कळवीन. बाबांची शपथ.

पण माल खोटा आहे, आबजी. वाईट वाटून घेऊ नकोस. मी त्याची चिमूट घेऊन जुन्या बाजारातल्या औषधवाल्याकडे गेलो. म्हाताऱ्याने चष्मा वर केला, जिभेवर ठेवलं आणि म्हणाला, "थोडंसं गवनवरचं आहे. बाकी पश्चिमेकडच्या ओकच्या रानातलं. कुर्द लोक पानं झोडपून काढतात ते. औषधाला चालतं, गझला नाही."

तू असं करणार नाहीस, हे मला माहीत आहे. म्हणून मी रात्रंदिवस एकच विचार करतोय, की पिशवी तुझ्या हातातून सुटली आणि माझ्या हातात पडली, त्याच्या मधे काय झालं. आणि आता मला आठवतंय. पिशवीच्या तोंडाची गाठ तुझी नव्हती. तू तीन वेढे देतेस आणि टोक आत खोचतेस. ही साधी गाठ होती, घाईने मारलेली.

खोदाकरमशिवाय मधे कोण होतं?

पुढच्या आठवड्यात मीच वर येऊ का? समोरासमोर बोलू.

नादअली


सरचश्मे, २ आझर १३४९

नादअली,

तुझं पत्र घेऊन मी दिवसभर बसून होते. गाठीचं वाचून.

मी तीनच वेढे दिले होते. टोक आत खोचलं होतं. मग ती गाठ कुणी बदलली?

खोदाकरम वाटेत दामनेच्या सराईत, खेचरवाल्यांच्या तळावर, मुक्काम करतो. तिथे पश्चिमेकडचे फेरीवाले उतरतात, ओकचा माल घेऊन. दहा वर्षं झाली त्याला आपल्या गावात येऊन, पण डोंगरातल्या टोळीचा बख्तियारी तो बख्तियारीच. कळप मेला म्हणून खाली उतरला, खेचरं हाकायला लागला, आपण ठेवून घेतलं. त्याच्या पोटात काय आहे ते कुणाला ठाऊक? कधी जास्त बोलत नाही. मशदी सफर म्हणायचे, जास्त न बोलणारा माणूस चांगला. मला आता तसं वाटत नाही.

मी कुणाला सांगणार नव्हते. पण हमामखान्यात गावप्रमुखाच्या, कदखुदाच्या बायकोने विचारलं, "नादअलीचं पत्र आलं म्हणे, काय म्हणतो?" माझ्या तोंडून गाठीचं निघून गेलं. तिच्या कानात गेलं म्हणजे गावात गेलं. आज पाणवठ्यावर खोदाकरमची बायको आली, तर बायकांनी घागरी उचलल्या आणि वाट करून दिली. तिच्याशी कुणी बोललं नाही.

तू येऊ नकोस. वर पहिला बर्फ पडलाय, घाट निसरडा आहे. मी ठीक आहे.

गोहर


इस्फहान, २१ आझर १३४९

आबजी,

बाजारात मी चार दुकानदारांना सांगितलं. आता खोदाकरमच्या खेचरावर इस्फहानहून कुणी काही लादणार नाही. गावच्या कदखुदालाही लिहिलंय, नीट चौकशी करा म्हणून.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. उस्ताद हशमत काल म्हणाला, "मालक, माल वरवर मिसळलेला नाही. तळापासून एकजीव आहे. असं मिसळायला स्वच्छ चादर लागते, घर लागतं, निवांत एक दिवस लागतो. सराईच्या अंगणात, खेचरांच्या पायांत, एका माणसाला कसं जमेल?"

मी म्हटलं, जमवलं असेल.

तो म्हणाला, "असेल."

आणि दुसरं असं की मी येतो म्हटलं की तू नको म्हणतेस. मागच्या पत्रात बर्फ होता. पण दामनेहून आलेला ट्रकवाला म्हणतो, घाट मोकळा आहे. तुझं काही दुखत असेल तर सांग. घरात कुणी आलंय का? जावयाने उतार मागितलाय का? माझ्यापासून काय लपवतेस?

नादअली


सरचश्मे, १२ देय १३४९

नादअली,

माझ्या जावयाला यात ओढू नकोस. तो शाळेत शिकवतो, त्याला गवन आणि झाडू यातला फरक कळत नाही.

तुझ्या पत्रामुळे कदखुदाने त्याच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. मलाही. वीसेक माणसं होती. खोदाकरम दाराशी बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून.

कदखुदा म्हणाला, "तू दहा वर्षं आमचं मीठ खाल्लंस. खरं सांग. बीबी गोहरच्या पिशवीत ओकचा माल कुठून आला?"

खोदाकरमने टोपी उलटी करून पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

"पिशवी वाटेत उघडलीस?"

"नाही."

"मग दुसऱ्या कुणी उघडली?"

कदखुदाचा भाचा, ज्याच्याशी खोदाकरमच्या मुलीचं, माहताबचं लग्न ठरलं होतं, तो भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "सासरेबुवा, बोला ना काहीतरी. तुम्ही बोललात तर मी मानेन."

खोदाकरमने मान वर केली. सगळ्यांकडे बघितलं. मग म्हणाला, "मला यावर काही बोलायचं नाही. तुम्हाला जे समजायचं ते समजा."

लोकांना वाटलं, हीच कबुली. कदखुदाच्या बहिणीने त्याच दिवशी साखरपुड्याची शाल परत मागवली. माहताबने ती नीट घडी करून, वर तिची अंगठी ठेवून पाठवली.

चार दिवसांनी ते गेले. बायको, मुलगी आणि दोन खेचरं. पश्चिमेच्या खिंडीतून, अलीगूदर्झकडे, तिथे त्याचा चुलत भाऊ आहे म्हणे. बर्फ पडत होता. मी दारातून बघितलं.

झालं तुझं समाधान? आता पुन्हा मला या विषयावर लिहू नकोस.

गोहर


इस्फहान, ९ ओर्दिबेहेश्त १३५०

आबजी,

नवरोजला तुझं पत्र आलं नाही, माझंही गेलं नाही. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. मला राहवेना. मागच्या आठवड्यात मी न कळवता सरचश्म्याला आलो. तुझ्या घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, मुलीकडे गुलपायगानला गेलीस, नातू झाला म्हणून. मुबारक.

मी परत फिरणार होतो. पण घराच्या मागचा कातळ ओलांडून बाबांच्या उतारावर गेलो. कधीपासून जायचं मनात होतं म्हण, किंवा संशय होता म्हण. दोन्ही खरं आहे.

आबजी, तिथे गवन नाही.

मला आधी वाटलं, मी वाट चुकलो. आपण लहान असताना तिथे दगड दिसायचे नाहीत, नुसत्या काटेरी गोल उशा, एकीला एक टेकलेल्या, वाऱ्याने दाबून बसवल्यासारख्या. बाबा म्हणायचे, सगळीकडे माती खाली वाहून गेली, आपली या झुडपांनी धरून ठेवलीय. आता तिथे खड्डे आहेत. पहारीने खणलेले. मुळं तुटलेली दिसतात. पावसाने माती ओहोळात उतरलीय. अगदी वर, कड्याच्या कपारीत, दहा-अकरा झुडपं उरली आहेत, जिथे पहार मारता येत नाही.

हा उतार गावातून दिसत नाही, तिथे तुझ्याशिवाय कुणी जात नाही. आणि हे खड्डे या वर्षीचे नाहीत. त्यांच्या कडांवर गवत आलंय. म्हणजे मागच्या शहरीवरमध्ये, झोडपणीच्या महिन्यात, तू जी पिशवी भरलीस, ती इथून भरली नाहीस. त्या अकरा झुडपांवरून परातभर मालही निघाला नसता.

मग कुणी विकला उतार? कुणी खणून नेलं? आणि तुला माहीत असताना त्या माणसाला ओसरीवर का बसवलंस?

तुला विचारण्याआधी माझं सांगतो, नाहीतर मला विचारायचा हक्क नाही. गाठ मी बघितलीच नव्हती. उस्ताद हशमतने पिशवी सोडली, मी तेव्हा दुकानात होतो. मला तुझ्यावर संशय आला होता आणि तो मला सहन होईना. गाठीचं लिहिलं की दोष वाटेवरच्या माणसावर जाईल आणि तू-मी सुटू, एवढंच माझ्या मनात होतं. मला वाटलं, तू लगेच लिहिशील, "नाही रे, गाठ माझीच होती." तू तर लिहिलंस, "मग ती गाठ कुणी बदलली?"

तेव्हापासून मला तुझी भीती वाटतेय.

नादअली


सरचश्मे, २४ ओर्दिबेहेश्त १३५०

नादअली,

उतार कुणी विकला नाही. मी जाळला.

मागच्या हिवाळ्याच्या आधीचा हिवाळा आठव. मशदी सफरची छाती भरली होती. आबानमध्ये तू लिहिलंस की बर्फाच्या आधी रॉकेलची दोन पिंपं पाठवतो. मी लाकूड घेतलं नाही. शेणी शेजारणीला दिल्या. म्हटलं, नादअलीचं तेल येतंय.

बर्फ आला, तेल नाही आलं. घाट बंद झाला. घरात होतं ते सगळं आठ दिवसांत संपलं. दाराचा आडणा जाळला, विणायचा माग जाळला. शेजाऱ्यांकडे मागितलं, त्यांनी दिलं, पण त्यांचीही पोरं कुडकुडत होती, दुसऱ्यांदा तोंड उघडवेना. मशदी म्हणायचे, "गोहर, पाय कुठे आहेत माझे, बघ जरा." पाय तिथेच असायचे. त्यांना लागायचे नाहीत.

मग मी पहार घेऊन मागे गेले. गवन ओलं असलं तरी जळतं, तुला ठाऊक आहे, आत डिंक असतो. पहिलं झुडूप काढताना बाबांची माफी मागितली. दुसऱ्याला पण मागितली. पुढे नाही मागितली. रोज सकाळी चार-पाच. बर्फात हाताने चाचपून, काट्यांवरून ओळखून. सगळी थंडी. मशदी उबेत होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही की काय जळतंय. वासावरून कळलं असणारच. चाळीस वर्षं त्यांनीही तोच उतार झोडपला होता.

नवरोजच्या आधी ते गेले. तू आलास तेव्हा उतारावर बर्फ होता.

मग शहरीवर आला. वरची झुडपं झोडपली, माल जेमतेम पिशवीच्या बुडाशी. तुला काय लिहू? की बाबांनी तुला डावलून मला दिलेलं मी चुलीत घातलं? की तुझं तेल आलं असतं तर? तुला दोष देऊन पत्र लिहायला मी तीनदा बसले आणि तीनदा फाडलं. शेवटी खोदाकरमला सांगितलं, अलीगूदर्झच्या बाजारातून ओकचं अंगबीन आण, गुडघ्यांना लेप लावायचाय.

त्याने आणलं. दोन गोण्या. दारात उतरवून म्हणाला, "बीबी, गुडघे दोनच आहेत ना तुमचे?" आणि हसला. मी हसले नाही. मग त्याने खेचरं वळवली. उरलेल्या मालात मी ते मिसळलं. चादर अंथरून, दोन दिवस. तीन वेढ्यांची गाठ मारली आणि त्याच्याच खेचरावर चढवली.

म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं, नादअली. ओसरीवर कदखुदाचा भाचा म्हणाला, "बोला ना काहीतरी," तेव्हा त्याने फक्त माझ्याकडे बघितलं. मी तुला लिहिलं होतं की त्याने सगळ्यांकडे बघितलं. खोटं लिहिलं. फक्त माझ्याकडे. वाट बघत होता तो. मी माझ्या चपलांकडे बघत होते. मला वाटलं, आता बोलेल, आता बोलेल. तो बोलला नाही. एक वाक्य बोलला असता तर त्याची मुलगी आज सून झाली असती.

तुझ्या गाठीचं वाचलं त्या दिवशी मला कळलं होतं, की तू एकतर खोटं बोलतोयस किंवा तुझी चूक होतेय. पण मला ती गाठ हवी होती. मी ती उचलली.

माझी भीती वाटते म्हणालास. बरोबर वाटते.

गोहर


इस्फहान, ५ खोर्दाद १३५०

आबजी,

तुझं पत्र दुकानात वाचलं. अर्धवट वाचून शटर ओढलं.

तेल मी विसरलो. धंद्याची अडचण नव्हती, आजारपण नव्हतं. पिंपं मागच्या अंगणात भरून ठेवली होती, आज पाठवतो, उद्या पाठवतो, आणि घाट बंद झाला. मशदींच्या मातीला आलो तेव्हा मी तुझ्या खोलीत शेगडीशी बसलो, भात खाल्ला आणि म्हणालो, "घर छान उबदार ठेवलंयस, आबजी." आठवतं? तू पुन्हा वाढलंस.

मी चारही दुकानदारांकडे जाऊन आलो. त्यांना सांगितलं, गाठीची गोष्ट मी बनवली. एकाने हसून घेतलं. एकाने चहा मागवला होता तो परत पाठवला. ते ठीक आहे.

पण हे मला लिहून भागणार नाही, आबजी. तुलाही नाही. त्याच्याकडे कोण जाणार? मी येऊ का तुझ्याबरोबर? की तू एकटी जाणार?

नादअली


सरचश्मे, ३० तीर १३५०

नादअली जान,

एकटी गेले. तू बरोबर असतास तर बोलणं तुझ्यावर ढकललं असतं.

अलीगूदर्झपर्यंत बस, पुढे विटांच्या ट्रकमध्ये. खोदाकरम तिथे भट्टीवरच्या विटा वाहतो. एक खेचर थंडीत खिंडीतच गेलं. त्याची बायको तव्यावर भाकऱ्या भाजत होती. मला बघून उठली नाही. म्हणाली, "बीबी, आता काय हरवलंय तुमचं?"

मी उभ्यानेच बोलले. त्याचे चुलत भाऊ होते, शेजारी होते, सगळ्यांपुढे. मी मिसळलं, मी गप्प बसले, याने माझी लाज राखली आणि मी याला बर्फात घालवलं. सगळं बोलले.

खोदाकरम हातातली विटांची धूळ झटकत ऐकत होता. ऐकून म्हणाला, "हे मला माहीत होतं, बीबी. माझ्या भावांनाही माहीत आहे. इथे कुणाला सांगताय? तिथे सांगा."

बस. पाणीसुद्धा विचारलं नाही कुणी. मी परत निघाले.

शुक्रवारी नमाजानंतर कदखुदाच्या ओसरीवर गेले. तीच माणसं होती. सगळं सांगितलं. आणि तुला काय सांगू, कुणी विश्वास ठेवेना! कदखुदा म्हणाला, "बीबी, बख्तियारींनी धमकावलं का तुम्हाला? घाबरू नका, गाव आहे तुमच्या मागे." कुणीतरी मागून म्हणालं, "नवरा गेल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय." गेल्या वर्षी मी एक शब्द बोलले तर अख्ख्या गावाने मानला. आता तासभर ओरडतेय तर म्हणतात, म्हातारी भ्रमली.

तेव्हा मी म्हटलं, चला. उठा सगळे. आणि त्यांना घराच्या मागे, कातळापलीकडे घेऊन गेले. माणसं उतारावर पसरली. कदखुदाची बायको एका खड्ड्यापाशी बसली, तिने तुटकं मूळ हातात घेऊन चुरगाळलं, वास घेतला. तिचाही जन्म झोडपण्यात गेलाय. ती नवऱ्याला म्हणाली, "खरं बोलतेय ही. हे जाळायला काढलेलं आहे."

कदखुदा माझ्यावर खेकसला, "मग त्या दिवशी तोंडात काय मीठ धरलं होतंस?"

म्हटलं, "भ्याले."

तो म्हणाला, "त्याच्या पोरीचं काय करायचं आता?"

त्याच्या भाच्याने अलीगूदर्झला निरोप पाठवला, शाल पुन्हा पाठवतो म्हणून. माहताबने उलट निरोप धाडला की ज्या माणसाला माझ्या बापावर विश्वास ठेवायला आधी बापाचं बोलणं लागलं आणि नंतर बीबी गोहरचं, त्याला पुढे माझ्यावर विश्वास ठेवायला कुणाचं लागेल? मुलगा चांगला आहे. खूप रडला म्हणे. पण ती नाही म्हणाली ते नाहीच.

मग मी जे केलं ते तुला न विचारता केलं, आता विचारते. उतार माहताबच्या नावाने लिहून द्यायचा. कदखुदाच्या साक्षीने कागद केलाय, तुझी सही लागेल, कारण बाबांचा मुलगा तू. उजाड उतार देते म्हणून हसशील. पण या पावसाळी वसंतानंतर मी रोज तिथे जातेय, आणि खड्ड्यांच्या कडेला, दगडांच्या सावलीत, नवी रोपं आली आहेत. करंगळीएवढी. वरच्या झुडपांचं बी गडगडत आलं असणार. काटे आत्ताच धरलेत पोरांनी. शेळ्यांपासून वाचली तर सात-आठ वर्षांत किडा बसेल.

निरोप गेला. खोदाकरमने कळवलं, आम्हाला दान नको. मला वाटलं, संपलं.

परवा सकाळी मी उतारावर होते, तर खालून माहताब येताना दिसली. एकटी. तिचा बाप खाली झऱ्यापाशीच खेचराचा लगाम धरून उभा राहिला, वर आला नाही. तिने मला सलाम केला नाही. पदर खोचला आणि उतार चालायला लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येक रोपाशी वाकत होती. एका ठिकाणी थांबून लेंड्या उचलल्या आणि माझ्यापुढे धरल्या.

"शेळ्या येतात इथे."

म्हटलं, "येतात. मी हाकलते."

"हाकलून काय होतंय? दगडी बांध घाला. त्या ओहोळापासून कातळापर्यंत. माती पण अडेल."

"घालते."

"तुमच्याने होईल?"

"रोज थोडा."

तिने माझ्या हातांकडे बघितलं, मग वरच्या अकरा झुडपांकडे. म्हणाली, "बाबा दान नको म्हणतात. मी दान म्हणून घेत नाही. सहा वर्षांनी येऊन बघेन. तोवर यातलं एक जरी गेलं तर कागद तुमच्याकडे ठेवा."

मी तिला भाकर दिली, ताजी होती, आत पनीर घातलं होतं. तिने घेतली नाही. पण ऊन फार होतं, आणि एवढा चढ चढून आली होती. माझा पाण्याचा बुधला तिथे दगडावर होता. तिने तो उचलला, तोंडाला न लावता वरून प्यायली, झाकण घट्ट केलं आणि सावलीत ठेवला.

सही करून कागद लगेच पाठव.

तुझी बहीण,
गोहर